टिकल्याची चाकरी

इंदूर, १४ सप्टेंबर १९५९

लक्ष्मणा, रामराम.

तुझं कार्ड परवा पोचलं. चारच ओळी, पण दोन दिवस मी ते सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतोय. कमलला संक्रांतीनंतर कायमची खंडव्याला नेणार असं तू लिहितोस, आणि मी तिला समजवावं असंही लिहितोस. तू तिचा सख्खा काका. तिचे वडील, तुझे थोरले दादा, गेल्यापासून तिचं सगळं तूच पाहिलंस. मी नुसता तुझा गावच्या शाळेतला सोबती, माझा अधिकार किती ते मी जाणतो. तरी लिहितो.

जुलैत ती पडली ते तू तुझ्या बहिणीच्या, आक्काच्या तोंडून ऐकलंस. मी ते कमलकडून ऐकलं. पाय घसरला, एक कुबडी खाटेखाली गेली, दुसरी हातभर लांब. आक्का देवळात गेलेली. दूधवाला येईपर्यंत दोन तास पोरगी फरशीवर पडून होती. आक्काला आता दिसत कमी, उचलायची ताकद नाही, हे सगळं खरं. तुझी फिकर मला समजते. पण कमलने मला काय सांगितलं ऐक. "काका, पडल्याचं काही नाही. कुबडी दिसत होती आणि हात पोचत नव्हता, तेवढंच डोक्यात राहिलंय."

नऊ वर्षांची असताना तापाने तिचे पाय गेले. आज अठ्ठावीसची आहे. गल्लीच्या टोकाला बायकांचा शिवणवर्ग चालवते, वीस जणी शिकतात. खंडव्याला ती काय करील? तुझ्या क्वार्टरच्या खिडकीतून मालगाड्या मोजील.

आमच्या कुत्र्यांच्या शाळेचं तुला मागे लिहिलं होतं, तू हसला होतास. होळकरांचा शिकारखाना मोडला, कुत्री वाटली गेली, आम्ही माणसंही वाटली गेलो. आमचे जुने अधिकारी अप्पासाहेब यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की विलायतेत आंधळ्यांना कुत्री वाट दाखवतात. त्यांच्या मनात आलं, पांगळ्यांनाही का नाही? राऊच्या वाटेवर एक जुना तबेला धर्मादाय मिळाला. तिथे आम्ही तिघे आणि नऊ कुत्री आहोत. सशामागे धावणाऱ्या जातीला आम्ही पडलेली वस्तू उचलायला शिकवतो. तीन कुत्री घरोघर जाऊन कामाला लागली आहेत. उरलेल्यांत एक टिकल्या नावाचा आहे, पांढरा, कपाळावर पिवळा ठिपका. तो मी कमलसाठी मनात धरला आहे.

संक्रांतीपर्यंत वेळ दे. एवढंच मागतो.

तुझा,
संताजी


खंडवा, २२ सप्टेंबर १९५९

संताजी,

पत्र वाचलं. घरात गंगूलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, कुत्रं कुबडी उचलील, मग पोळ्या कोण लाटील? मी म्हटलं, त्यासाठी अप्पासाहेब मांजर शिकवत असतील.

चेष्टा सोड. तू भला माणूस आहेस, लहानपणापासून आहेस, आणि भल्या माणसांचं एक असतं की त्यांना जगाचं तोंड दिसत नाही. मला रोज दिसतं. मालधक्क्यावर बसतो, इंदूरची गाडी आली की कोणी ना कोणी ओळखीचं उतरतं. पहिला प्रश्न: कमल कशी आहे? कोण बघतं तिचं? आजवर मी सांगत आलो, आक्का आहे. उद्या काय सांगू? कुत्रं आहे? भावाची पोर कुत्र्याच्या भरवशावर टाकली, असं लोक म्हणतील, आणि तोंडावर म्हणणार नाहीत, ते जास्त वाईट.

गंगूने आतली खोली रिकामी केली आहे. तिला कमलचं ओझं नाही, हे तूही जाणतोस.

तरी तुझा शब्द मोडत नाही. पण आधी आक्काचा होकार आण. तिच्या मधल्या खोलीत देवाचे टाक आहेत, तिथेच कमलची खाट. आक्का त्या खोलीत आंघोळीशिवाय मलाही येऊ देत नाही. ती चार पायांच्या जनावराला येऊ देईल त्या दिवशी मी संक्रांतीपर्यंत गप्प बसायला तयार आहे. म्हणजे मी काहीच कबूल केलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच.

लक्ष्मण


इंदूर, १८ ऑक्टोबर १९५९

लक्ष्मणा,

आक्का हो म्हणाली.

कशी म्हणाली ते भेटीत सांगेन. देवाचं नाव घेऊन बोललो, तिला पटलं, एवढं पुरे.

दसरा झाल्यापासून कमल रोज टांग्याने आमच्या तबेल्यात येते. पहिले दोन दिवस टिकल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याच मागे. मग अप्पासाहेबांनी मला कुंपणाबाहेर काढलं. शाळेचा नियम असा की कुत्र्याला खायला फक्त त्याच्या माणसाने द्यायचं आणि हुकूमही त्यानेच. दुसऱ्या कुणी भाकरीचा तुकडा टाकला तर महिन्याची मेहनत मातीत. मी बाहेर उभा राहून फटीतून बघत होतो. कमल बाकावर बसली, कुबडी मुद्दाम खाली टाकली आणि म्हणाली, "ला." तो बसून राहिला. ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही की गोंजारलं नाही. सोळा वेळा म्हणाली असेल. सतराव्याला तो उठला.

कामं पाच आहेत. कुबडी आणणं, दाराला बांधलेली चिंधी ओढून दार उघडणं, तिचे लोखंडी पट्ट्यांचे बूट आणणं, पिशवी तोंडात धरून बरोबर चालणं, आणि ती पडली तर शेजारी घट्ट उभं राहणं, म्हणजे त्याच्या खांद्यावर भार देऊन तिला उठता येईल. पाचही तो इथे करतो. पौषात अप्पासाहेब तिच्या घरी जाऊन पाहतील. घरी जमलं नाही तर टिकल्या परत येईल, कारण आणखी तिघं वाट पाहत आहेत.

काल तो मल्हारगंजला, कमलच्या घरी गेला. तबेल्यात आज त्याची जागा रिकामी आहे. सकाळी जपाला बसलो, माळ दोनदा चुकली. चांगलं घडतंय तरी मन ठिकाणावर नाही. असं का होतं, तुला माहीत असेल तर लिही.

संताजी


खंडवा, १२ नोव्हेंबर १९५९

संताजी भिया,

दिवाळीत येता आलं नाही, हंगामाचा माल धक्क्यावर पडून होता.

आक्काचं पत्र आलं. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलंय. त्यात ओळ आहे, "आपल्या घरी देव आला." मी गंगूला म्हटलं, आक्काने नवीन टाक करून घेतला वाटतं. पत्र तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की देव म्हणजे तुझं कुत्रं. पुढे लिहिते, त्याला नवं घोंगडं घातलंय, सकाळी पहिला घास त्याचा, गल्लीतल्या बायका दर्शनाला येतात.

संताजी, ही माझी बहीण आहे. वडील वारले त्या दिवशीही कुत्रं ओसरीवर चढलं म्हणून हिने ओसरी सारवून घेतली होती. तू तिला काय सांगितलंस? भेटीत सांगेन म्हणतोस. आपण भेटणार संक्रांतीला. तोवर मी काय समजू?

कमलचं पत्र नाही. ती कधीच लिहीत नाही, तिच्या वतीने तुम्हीच लिहिता. तिला विचार, कुबडी मिळते का.

लोकांचं सांगितलं होतं ना, सुरू झालंय. परवा महूचा एक जण उतरला, म्हणाला, ऐकलं की तुमच्या पुतणीजवळ कुत्रं ठेवलंय. "ठेवलंय" म्हणाला, नोकर ठेवतात तसं. मी पावत्या लिहीत राहिलो.

लक्ष्मण


इंदूर, १० डिसेंबर १९५९

लक्ष्मणा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मी आक्काशी खोटं बोललो.

ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो तेव्हा ती दारातच म्हणाली, कुत्र्याची गोष्ट काढू नकोस. मी तिला शाळा सांगितली, कमलचं पडणं सांगितलं, ती ऐकेना. मग माझ्या तोंडून निघालं, "आक्का, हा साधा नाही. रविवारी जन्मला, खंडोबाच्या पायरीखाली. कपाळावर भंडारा घेऊन आलाय." तिने लगेच हात जोडले. तुम्हा होळकरी घराण्यांत खंडेराय म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, आमच्याही घरी तेच दैवत. मी ते जाणूनच बोललो.

टिकल्या तबेल्यामागच्या कडब्याच्या खोलीत जन्मला. वार कोणता, कुणाला ठाऊक नाही. कपाळावरचा ठिपका त्याच्या आईलाही होता.

मला वाटलं, श्रद्धेने घरात घेतील, मायेने वागवतील, बाकी काम टिकल्या करील. इथेच चुकलो. देवाचं कुत्रं म्हटल्यावर त्याला काम कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात त्याने कमलचे बूट तोंडात धरले, तर आक्काने हंबरडा फोडला. देवाच्या वाहनाच्या तोंडात चामडं! त्याचं तोंड गंगाजलाने धुतलं. त्या दिवसापासून बूट बंद. मग कुबडी बंद, कारण ती पायाच्या जागी. मग दार बंद, कारण देवाने दार उघडायचं आणि आपण आत बसायचं, हे कसं?

चंपाषष्ठीला कळस झाला. सहा दिवस घट बसले होते, शेवटच्या दिवशी तळी भरली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला आधी, ही रीत तू जाणतोस. एरवी गल्लीत जे कुत्रं भेटेल त्याला घालतात. यंदा सगळ्या मल्हारगंजची ताटं आक्काच्या दारात. मी पोचलो तेव्हा टिकल्या अंगभर पिवळा, हळदीने डोळे चुरचुरतायत, पोट नगाऱ्यासारखं, आणि समोर पंधरा-वीस बाया येळकोट करतायत. दोन दिवस तो आजारी होता. आता कुणाच्याही हाताकडे बघतो, कमलकडे बघत नाही.

सगळ्यात जड गोष्ट आता लिहितो. मी कमलला एकटं गाठून विचारलं, तू तरी हुकूम करतेस ना? तिने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, "काका, दोन तारखेला मी पुन्हा पडले. तो शेजारीच होता. उभा राहा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तुम्ही पायरीखाली म्हणालात ना." आक्का येईपर्यंत ती तशीच पडून होती. कुत्रा शेजारी बसलेला.

जुलैत कुबडी लांब होती. या वेळी ती लांब नव्हती, मी मध्ये होतो.

जाऊन खरं सांगावं असं रोज सकाळी ठरवतो आणि सराफ्यापर्यंत जाऊन परत फिरतो. देवाचं नाव घेऊन दार उघडलं, आता कुठल्या नावाने बंद करू? मला शिव्या दे, पण लगेच येऊ नकोस. संक्रांतीचा शब्द पाळ.

संताजी


खंडवा, १४ डिसेंबर १९५९

संताजी,

शिव्या द्यायला बसलो होतो. गंगू म्हणाली, उद्या लिहा. आज उद्या आहे.

तू दुसऱ्या कशाचंही खोटं बोलला असतास तर मी हसलो असतो. शाळेत मास्तरांपुढे पाटी फोडल्याचं कबूल करणारा तू एकटा होतास, मार खाल्लास, आणि आम्ही सगळे वाचलो. तो माणूस पन्नाशीत येऊन माझ्या म्हाताऱ्या बहिणीला देवाच्या नावाने फसवतो. आणि पोरगी पडून राहते, देव उठू नये म्हणून.

सोळा जानेवारीला मी येतो. सतराला कमलला घेऊन निघेन. तिला सांग, बिछाना आणि मशीन बरोबर येईल, बाकी सामान नंतर. तूच सांग. दार तू उघडलंस, हेही तूच कर.

आक्काला खरं सांगायचं की नाही ते तुझ्या देवाला विचार. मला विचारू नकोस.

लक्ष्मण


इंदूर, २३ डिसेंबर १९५९

लक्ष्मणा,

सांगितलं.

सोमवारी सकाळी गेलो. रविवार मुद्दाम टाळला. आक्का गहू निवडत होती, दिसत नाही म्हणून बोटांनी. मी समोर बसलो आणि सगळं बोललो, कडब्याच्या खोलीसकट. तिची बोटं थांबली नाहीत. सूप निवडून संपवलं. मग उठली, टिकल्याचं घोंगडं उचललं, गल्लीत टाकलं, आणि त्याला दांडक्याने बाहेर काढला. मधल्या खोलीची फरशी तिने स्वतः धुतली, दोनदा. मला म्हणाली, "देव असता तर डोक्यावर घेतला असता. कुत्रं आहे ना? मग उंबऱ्याबाहेर."

हे मी आधीच ओळखायला हवं होतं. देव म्हणून तो चाकरी करू शकत नव्हता. कुत्रा म्हणून आता तो घरात येऊ शकत नाही. खोटं बोलून मी एक वाट बुजवली होती, खरं बोलून दुसरी बुजवली. आपण मास्तरांकडे शिकलो की खरं बोललं की मोकळं वाटतं. मोकळं कुणाला वाटतं, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

कमल दारात कुबड्यांवर उभी राहून ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तुझा निरोप मी तिला दिला. त्यावर ती एवढंच म्हणाली, "टिकल्याला परत घेऊन जाणार का?" मी म्हटलं, अप्पासाहेब पाच जानेवारीला येतील, ते ठरवतील. "मग तोवर राहू द्या."

टिकल्या दाराबाहेर नालीजवळ बसून आहे. मी जाता-येता बघतो, नियमाप्रमाणे खायला देत नाही. तो माझ्याकडे ओळख असल्यासारखं बघतो, आणि मग नसल्यासारखं.

तू म्हणतोस तसं होऊ दे. तिला घेऊन जा. माझ्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

संताजी


इंदूर, ६ जानेवारी १९६०

काका, तुम्हाला आणि काकूंना माझा नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आजवर माझ्याबद्दल आत्याने लिहिलं, संताजीकाकांनी लिहिलं, आणि तुम्ही त्यांना उत्तरं दिलीत. टिकल्या देवाचा, हे संताजीकाकांनी ठरवलं. तो गल्लीतला, हे आत्याने ठरवलं. मी खंडव्याला जाणार, हे तुम्ही. कुणी वाईट मनाने ठरवलं नाही. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही, म्हणून त्यात माझाही हिस्सा आहे.

संताजीकाका खरं सांगून गेले त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी आत्याशी बोलले. आधी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, टाकांच्या खोलीत कुत्रं येणार नाही, मी मेल्यावर काय ते कर. मी विचारलं, "बाहेरच्या खोलीत?" ती म्हणाली, बाहेरच्या खोलीत कोण येतं-जातं ते मी कधी बघितलंय? तिथे चपला पडतात.

मग मी म्हटलं, "त्याला आत येता येत नसेल तर मी बाहेर जाते."

आत्याला आधी ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शिवणवर्गातल्या दोघी आल्या, त्यांनी माझी खाट उचलली, मशीन उचललं, स्टो उचलला आणि सगळं बाहेरच्या खोलीत मांडलं. बाबांच्या वेळी तिथे त्यांची बैठक असायची, आता नुसत्या छत्र्या होत्या. आत्या उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती. "थंडीत मरशील," म्हणाली. मी म्हटलं, मरणार नाही. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी गोधडी उंबऱ्यावर ठेवून गेली. जेवणाचं ताटही ती उंबऱ्यावर ठेवते, मी ते तिथून ओढून घेते.

काका, तुम्हाला माझी लाज वाटेल अशी एक गोष्ट सांगते. दोन डिसेंबरला मी पडले तेव्हा टिकल्याला हाक मारली नाही, कारण मी खरोखर मानत होते. आणि तो साधा कुत्रा आहे कळल्यावरही पहिल्या दिवशी बूट मी सरपटत जाऊन स्वतःच आणले. मग मी विचार केला. बाबा सांगायचे, आपले पूर्वज सरकारची चाकरी करायचे आणि खंडेरायाचीही, आणि दोन्हीकडे त्यांना पायीच उभं राहावं लागायचं. देवाकडे बसून कोण राहतं? नुसता देव. मी आता रविवारी टिकल्याच्या कपाळाला भंडारा लावते, नमस्कार करते आणि मग म्हणते, बूट आण. आत्याला हे दिसत नाही असं ती दाखवते. त्याला नावाने हाक मारत नाही, "तुझा तो" म्हणते.

घरभर लाड झालेले. कामावर यायला त्याला दहा दिवस लागले. बायकांनी खिडकीतून टाकलेली पोळी त्याच्या तोंडातून मी स्वतः काढली, तेव्हा माझ्यावर गुरगुरला. मीही ओरडले. शेजारीण म्हणाली, अगं, देवावर ओरडतेस? मी म्हटलं, चाकरावर ओरडतेय.

काल अप्पासाहेब आले, संताजीकाका बरोबर होते पण गल्लीतच उभे राहिले. कुबडी आणली, दार उघडलं, बूट आणले. मी जमिनीवर बसले, त्याने खांदा दिला, मी उठले. एकदा तोल गेला, पण उठले. पिशवीचं काम मात्र बिघडलं. वर्गातल्या मुलींसाठी आत्याने पिशवीत शेव बांधून दिली होती, टिकल्याने ती पुडी फोडून सगळी खाल्ली. अप्पासाहेबांनी मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, चार कामांत पास, एकात नापास. चैत्रात पुन्हा येईन. तोवर तुझ्याकडे.

म्हणजे पक्कं काही नाही. चैत्रात तो परत जाईलही. मी पुन्हा पडेनही. हे सगळं मान्य करून लिहिते: मी खंडव्याला येणार नाही.

संक्रांतीला जरूर या. तिळगूळ करून ठेवते. काकूंनी खोली रिकामी केली, त्यांना माझ्याकडून सांगा की ती मला दिसते आणि त्यांची माया मला पोचली.

तुमची,
कमल


खंडवा, १९ जानेवारी १९६०

संताजी,

मी येऊन गेलो. तुला भेटलो नाही, मुद्दामच टाळलं. आता लिहितो.

कमलचं पत्र हातात पडलं होतं तरी मी सुतळी आणि गोणपाट घेऊनच निघालो. पोरी पत्रात काहीही लिहितात, समोर काका उभा राहिला की रडतात, असा माझा हिशोब होता. महूला गाडी थांबली तेव्हा पुन्हा पत्र काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. टिकल्या उन्हात आडवा. माझ्याकडे त्याने एक डोळा उघडून पाहिलं. मी सुतळी दाराशी ठेवली, कमलने ती पाहिली. "बसा काका, चहा टाकते," म्हणाली. आक्का आतून म्हणाली, आला का? मी म्हटलं, आलो. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली, पलीकडे.

कमलने स्टो पेटवला. पातेलं ठेवलं, साखरेसाठी वळली आणि डावी कुबडी निसटली. मशीनच्या खाली गेली. तिने टेबलाची कड धरली, एका कुबडीवर उभी. तू ओळखतोस मला. मी उठलो, वाकलो, हात घातला.

"काका, हात लावू नका," ती म्हणाली. "तुम्ही उचललीत तर उद्या तो उचलणार नाही. आणि तुम्ही उद्या खंडव्याला असाल."

मी सरळ झालो. तिने हाक मारली, "टिकल्या, ला." तो पडूनच. ती पुन्हा म्हणाली. तिचा सगळा भार टेबलाच्या कडेवर होता, संताजी, मला दिसत होतं. आक्का उंबऱ्यावरून मान ताणून बघत होती, तिला दिसत नसेल तरी. तिसऱ्या हाकेला तो उठला, जांभई दिली. मशीनखाली गेला, कुबडी धरली, ती पायट्याच्या लोखंडात अडकली. त्याने ओढली, सुटली. पुन्हा धरली. मी हात पाठीमागे बांधले, एका हाताने दुसरा घट्ट. आयुष्यात मी खूप ओझी उचलली, धक्क्यावर पोती उचलली, थोरल्या दादांना खांदा दिला. नुसतं उभं राहणं इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"सोड," कमल त्याला म्हणाली. "इकडून." तो दुसऱ्या बाजूने गेला. या वेळी कुबडी निघाली. ती त्याने तिच्या हातापर्यंत आणली, थोडी तिरपी, तिने ती बगलेत घेतली.

तोवर चहा उतू गेला होता. तो तिने फडक्याने पुसला. मी तेही पुसलं नाही.

चहा तिघांनी घेतला, आक्काने उंबऱ्याच्या आत. कमलने तिळगूळ दिला, गंगूसाठी वेगळा बांधून दिला. सुतळी मी तिथेच विसरलो. गाडीत शेजारी महूचा तोच माणूस भेटला, विचारायला लागला, पुतणीचं काय ठरलं? मी त्याला ही सगळी हकिकत सांगितली, कुबडी अडकली, सुटली, सगळी. म्हणाला, आणि तुम्ही उठला नाहीत? मी म्हटलं, नाही. त्याला ते आवडलं नाही. त्याचं तोंड खिडकीकडे गेलं.

आक्काकडे तू रविवारी जात जा. ती तुला लगेच बसायला सांगणार नाही. उभा राहा.

लक्ष्मण